आय-लीगचा एक हंगाम, टीम मॅनेजरच्या फाइलीतून

फुटबॉलमध्ये काम करायचंय पण खेळाडू म्हणून नाही, असं म्हणणारी मुलं-मुली हल्ली बरीच भेटतात. बहुतेकांना ॲनालिस्ट व्हायचं असतं. टीम मॅनेजर, म्हणजे संघाचे कागद, प्रवास आणि सामान सांभाळणारा माणूस, व्हायचंय असं मला अजून कुणी सांगितलेलं नाही. आणि दुसऱ्या श्रेणीच्या लीगमध्ये शिरायला त्याहून सोपी वाट मला तरी दिसत नाही.

2024-25 चा आय-लीगचा, म्हणजे देशातल्या दुसऱ्या श्रेणीच्या लीगचा, हंगाम मी एका क्लबबरोबर सहायक टीम मॅनेजर म्हणून काढला. 12 संघ, प्रत्येकाचे 22 सामने, नोव्हेंबर ते एप्रिल. वर आयएसएलमध्ये (इंडियन सुपर लीग, पहिली श्रेणी) जायचं तर विजेतेपद हवं. 2022-23 मध्ये राउंडग्लास पंजाब तसा गेला, पुढच्या वर्षी मोहम्मडन स्पोर्टिंग. दुसऱ्या क्रमांकाला टाळ्या मिळतात, बढती नाही. त्यामुळे एकेका गुणासाठी मैदानावर जीव काढतात आणि कागदावरही.

कागदाचं आधी सांगते, कारण नवखे लोक त्यालाच कंटाळतात. प्रत्येक खेळाडूची नोंदणी अखिल भारतीय फुटबॉल महासंघाच्या ऑनलाइन प्रणालीवर होते. खेळाडू परदेशातल्या क्लबकडून येणार असेल तर फिफाच्या टीएमएसमधून (खेळाडूंच्या बदल्यांची ऑनलाइन प्रणाली) त्याची आयटीसी, म्हणजे आंतरराष्ट्रीय बदलीचं प्रमाणपत्र, यावी लागते. कोचला तो कालच हवा असतो, आयटीसी तिच्या वेळेने येते, आणि दोघांच्या मध्ये तुम्ही उभे असता. कार्डांची नोंद स्वतः ठेवा. कुणाला कितवं यलो कार्ड, कोण पुढच्या सामन्याला निलंबित, हे प्रत्येक सामन्यानंतर अधिकृत अहवालाशी ताडून बघायचं. टीव्हीवर दिसलं, व्हॉट्सॲपवर कुणी टाकलं, यावर जायचं नाही.

याचं महत्त्व त्याच हंगामाने सगळ्यांना दाखवलं. 6 एप्रिलला शेवटचे सामने झाले तेव्हा चर्चिल ब्रदर्स 40 गुणांवर आणि इंटर काशी 39 वर. पण जानेवारीतल्या एका सामन्यात प्रतिस्पर्ध्याने निलंबित खेळाडू उतरवल्याची इंटर काशीची तक्रार होती, तिचा निकाल लागायचा होता, आणि तो त्यांच्या बाजूने लागला तर गुण बदलणार होते. पुढे त्यांच्याच एका खेळाडूच्या नोंदणीवरूनही वाद झाला. प्रकरण महासंघाच्या समित्यांमधून थेट लोझानच्या क्रीडा लवादापर्यंत गेलं आणि जुलैमध्ये इंटर काशी विजेते ठरले. आमच्यासारख्यांनी त्या बातम्या खेळाच्या नाही, ऑफिसच्या बातम्या म्हणून वाचल्या.

प्रवास हा दुसरा मोठा विषय. ऐजॉलला जायचं तर मिझोरामबाहेरच्या प्रत्येक भारतीयाला इनर लाइन परमिट, म्हणजे राज्यात शिरायचा सरकारी परवाना, लागतं. खेळाडू, फिजिओ, मसाजवाला, सगळ्यांना. परदेशी खेळाडूंसाठी डिसेंबर 2024 मध्ये, म्हणजे भर हंगामात, संरक्षित क्षेत्राच्या परवान्याची सक्ती पुन्हा आली. असे बदल वर्तमानपत्रात येतात, क्लबला कुणी वेगळं पत्र पाठवत नाही. रोज सकाळी बातम्या चाळणं हाही कामाचाच भाग समजा.

सामान बांधणं ही वेगळी विद्या आहे. जीपीएस व्हेस्टच्या (खेळाडूची धाव मोजणारं बनियन) सुट्या बॅटऱ्या आणि पॉवर बँक चेक-इनमध्ये टाकता येत नाहीत, केबिनमध्येच न्यायच्या. कोल्ड स्प्रेचे ज्वलनशील डबे विमानात चालतच नाहीत, ते पोचल्यावर विकत घ्यायचे. श्रीनगरचं टीआरसी मैदान आणि ऐजॉलचं राजीव गांधी स्टेडियम, दोन्हीकडे कृत्रिम टर्फ, म्हणजे बूटही त्याला चालणारे हवेत. तिथे निघायच्या आदल्या रात्री प्रत्येकाचे बूट डोळ्यांनी बघायचे. ‘हो, घेतलेत’ या उत्तरावर विश्वास ठेवू नका, ते उत्तर सगळेच देतात. हिवाळ्यात धुक्यामुळे विमानं रखडतात, म्हणून जोडविमानात भरपूर अंतर ठेवायचं. मालक तिकिटाचा दर बघून कुरकुरतील, कुरकुरू द्या.

सामन्याच्या दिवशी मात्र काम फार नसतं, आदल्या दिवशी नीट झालं असेल तर. सामन्याआधीच्या समन्वय बैठकीत दोन्ही संघांच्या आणि गोलकीपरांच्या जर्सीचे रंग ठरतात. टीम शीटवरचं (सामन्याला उतरणाऱ्या खेळाडूंची यादी) नाव, नंबर आणि पाठीवरचा नंबर एकच आहे ना, हे सहीआधी मोठ्याने वाचून घ्यायचं. बिननंबरची एक जर्सी पिशवीत हवीच. रक्ताचे डाग पडलेली जर्सी घालून रेफरी खेळू देत नाही.

मग पैसा. दुसऱ्या श्रेणीत करार बहुतेक हंगामापुरता असतो. एप्रिल संपला की पगार संपला. एका ठिकाणी (नाव राहू दे) मला तोंडी कबूल केलेला बोनस कधी दिसला नाही. तेव्हापासून मी करारात चार गोष्टी लिहून मागते: शेवटची तारीख, पगाराचा दिवस, प्रवासातला विमा, आणि राहायची सोय. यातलं काहीही मागायला लाजू नका. खेळाडूंचे एजंट याच्या दसपट मागतात.

शिरायचं कुठून? राज्य संघटनेच्या लीगमध्ये. तिथल्या क्लबना पत्रं लिहिणारा, एक्सेल नीट येणारा आणि हिंदी-इंग्रजीत न अडखळणारा माणूस कायम हवा असतो. मानधन नाममात्र. पण नोंदणी, टीम शीट, मॅच कमिशनरशी (सामन्यावर देखरेख ठेवणारा अधिकारी) बोलणं, सगळं तिथेच हातून जातं. अर्ज मेमध्ये करा. ऑगस्टमध्ये केलात तर जागा भरलेल्या असतात आणि उत्तरही येत नाही.