जुलैतही खोल्या भरायच्या असतील तर

महाबळेश्वरात पूर्वी जूनच्या मध्याला सगळं मिटायचं. भिंतींना गवताचे झाप बांधले की बरेच हॉटेलवाले कुलूप लावून खाली उतरायचे. आता लोक मुद्दाम धुकं बघायला येतात. त्यामुळे पाचगणी रस्त्यालगतच्या प्रत्येक स्ट्रॉबेरीवाल्याला वाटतं, दोन खोल्या काढाव्यात, बाराही महिने पैसा. पैसा येतो, पण जुलैची तयारी असेल तर.

नवं बांधकाम डोक्यातून काढा. २००१ पासून हा भाग पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र आहे. डोंगर पोखरणं, परवानगीशिवाय झाड पाडणं चालत नाही. जुन्या घरातल्याच खोल्या नीट करा आणि सरकारच्या निवास-न्याहारी योजनेत नोंदणी करून घ्या.

मग लागा ओलीच्या मागे. इथे वर्षाला सरासरी पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि बहुतेक सगळा चार महिन्यांत. कापसाच्या गाद्या पावसाळ्यात वापरूच नका, वास धरतात. फोमच्या घ्या आणि भिंतीपासून हातभर लांब ठेवा. प्रत्येक खोलीमागे टॉवेल-चादरींचे तीन जोड हवेत, कारण धुतलेलं दोन दिवस वाळत नाही. आमच्या सासूबाईंनी चुलीवरच्या माळ्यावर दोऱ्या बांधल्यात. शहरातल्या ड्रायरपेक्षा ते बरं, वीज गेली तरी चालतं. आणि वीज जातेच. नुसत्या इन्व्हर्टरवर पंप चालत नाही, म्हणून वरची टाकी संध्याकाळी भरलेलीच पाहिजे.

बुकिंग घेतानाच रस्त्याचं बोला. पुण्याहून येणाऱ्याने पसरणी घाटाने यावं आणि उजेड असताना पोहोचावं. धुक्यात गाडीच्या नाकापुढचं दिसत नाही. पोलादपूरकडून येणाऱ्याला निघायच्या दिवशी आंबेनळी घाट चालू आहे का ते विचारायला लावा. जुलै २०२१ मध्ये इथे २४ तासांत ५९४ मिलिमीटर पाऊस झाला होता, तेव्हा घाटाची पार दैना झाली. रेड अलर्ट लागला की आपणच फोन करायचा, "येऊ नका, तारीख पुढे घ्या." आगाऊ रक्कम धरून बसू नका, असा पाहुणा हिवाळ्यात चार माणसं घेऊन येतो.

ऑगस्टअखेर ते ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत कास पठारावर फुलं असतात. पाहुण्याला शनिवार-रविवार टाळायला सांगा, आणि अमुक तारखेला बहर असेलच असा शब्द देऊ नका, फुलं उन्हावर आहेत. याच दिवसांत आपली स्ट्रॉबेरीची लागवडही असते, तेव्हा स्वयंपाकाला एक बाई जास्तीची ठरवा. पाहुणा पिठलं-भाकरीवर खूश असतो, पण वेळेवर गरम हवी.

हिवाळ्याला फार शिकवावं लागत नाही. फळ तोडायला शेतात न्याल तेव्हा पोरांना गादीवाफ्यावर चढू देऊ नका, एवढंच. मेमध्ये मात्र सगळे स्ट्रॉबेरीच मागतात. तेव्हा शेतातलं फळ बहुतेक संपलेलं असतं. स्पष्ट सांगा आणि तुती, करवंदं, जांभळं पुढे ठेवा. कुठूनतरी शीतगृहातलं आणून "आमच्या शेतातलं" म्हणू नका.

राहिला मार्च. परीक्षांमुळे कुणी फिरकत नाही. दर पाडून गिऱ्हाईक ओढत बसण्यापेक्षा तेव्हाच कौलं शाकारून घ्या आणि पन्हळी साफ करा, कारण मेमध्ये खोल्या भरलेल्या असतात आणि गवंडीही मिळत नाही.