जपानी शेजाऱ्याशी दोन शब्द कसे बोलावेत

जपानला नोकरीसाठी जाणारी आपली मंडळी भाषेची परीक्षा देऊन जातात. तरी लिफ्टमध्ये शेजारी भेटला की बोलायचं काय, हे सुचत नाही.

सुरुवात हवेपासून करा. उन्हाळ्यात 'आत्सुइ देसु ने', थंडीत 'सामुइ देसु ने'. शेवटचा 'ने' म्हणजे आपला 'ना': उकडतंय ना? समोरच्याने 'सोओ देसु ने' म्हणत दुजोरा द्यावा, एवढ्यासाठीच हे वाक्य असतं. तिथे 'आमच्या नागपुरात याहून तापतं' असं सांगू नका, बोलणं तिथेच खुंटतं.

मग ऋतूकडे वळा. मार्चअखेर टोकियोत साकुरा म्हणजे चेरी फुलली का, जूनमध्ये त्सुयु म्हणजे पावसाळा लागला का, शरदात पानं लाल झाली का. वसंतात 'सुगी' नावाच्या जपानी झाडाच्या परागांनी नाक गळतं, त्या 'काफुनशो'ची चौकशी तर हमखास चालते.

पुढचे विषय लक्षात ठेवायला जपान्यांचंच एक सूत्र आहे: 'किदो नि तातेकाकेशि इशोकुजू'. 'कि' ऋतूचा, 'दो' छंदाचा, 'नि' बातम्यांचा, 'ता' प्रवासाचा, 'ते' हवेचा, 'का' कुटुंबाचा, 'के' तब्येतीचा, 'शि' कामाचा. शेवटी वस्त्र, अन्न, निवारा. माझ्या मते नवख्याने अन्न आणि प्रवास धरावा. गाव विचारून तिथलं काय खावं, एवढं विचारलंत की माणूस खुलतो. कुटुंबाचा विषय मात्र त्यांनी काढला तरच. लग्न, वय, पगार आपण सहज विचारतो, तिथे नको.

ऐकताना गप्प राहू नका. मध्ये मध्ये 'हाइ', 'एए', 'नारुहोदो' म्हणत राहायचं. याला 'आइझुचि' म्हणतात. लोहारकामात दोघांनी आळीपाळीने घातलेल्या घणावरून हा शब्द आला. हुंकार थांबला तर समोरच्याला वाटतं, तुमचं लक्ष नाही. हुंकाराचा अर्थ 'ऐकतोय' इतकाच. तो होकार समजू नका.

जपानी बोलण्याची स्तुती झाली तर 'इइए, मादामादा देसु', म्हणजे अजून बरंच शिकायचंय, असं म्हणा.

आणि वाटेत कुणी 'दोचिरा ए?' विचारलं, तर ते आपलं 'कुठे निघालात?'च. ठिकाण सांगावं लागत नाही. 'चोत्तो सोको मादे', म्हणजे 'इथंच जरा', म्हणा, किंचित वाका आणि पुढे चला.