पाण्याचे रीडिंग: कारखान्यातील पहिल्या वर्षाचा अनुभव

रसायनशास्त्रातील पदवी घेऊन मी पुण्याजवळच्या एका औद्योगिक वसाहतीतील वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात पर्यावरण विभागात रुजू झाले, तेव्हा माझ्याकडे सोपवलेले पहिले काम प्रयोगशाळेतले नव्हते. ते होते रोज सकाळी पाण्याच्या नऊ मीटरांचे रीडिंग घेऊन लॉगबुकमध्ये लिहिण्याचे. ते काम मला काहीसे कमीपणाचे वाटले होते. मात्र पाण्याचे मासिक बिल तपासणे, प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संमतिपत्रातील मर्यादा पाळली की नाही हे पाहणे आणि वार्षिक पर्यावरण विवरणपत्र भरणे ही सगळी कामे त्याच लॉगबुकवर उभी असतात, हे पहिल्या दोन-तीन महिन्यांत समजले. नव्याने या कामावर येणाऱ्यांना उपयोग व्हावा म्हणून त्या वर्षातील काही गोष्टी येथे लिहीत आहे.

आरंभ एककापासून करावा. मीटर घनमीटरमध्ये मोजतो, बिलही घनमीटरवर येते, पंपावरची मंडळी ‘केएल’ म्हणतात आणि संमतिपत्रात ‘सीएमडी’ असा उल्लेख असतो. एक घनमीटर म्हणजे एक किलोलिटर, म्हणजेच १००० लिटर. आणि सीएमडी म्हणजे घनमीटर प्रतिदिन. नेहमीच्या यांत्रिक मीटरवर काळे आकडे पूर्ण घनमीटर दाखवतात, तर लाल आकडे व लाल काटे त्याचे दशांश भाग. काही मोठ्या मीटरांच्या तबकडीवर ‘गुणिले १०’ असेही छापलेले असते, त्यामुळे नवा मीटर दिसला की आधी तबकडी पूर्ण वाचावी.

मी ती वाचली नव्हती. चौथ्याच दिवशी मुख्य मीटरवर काळ्या आकड्यांत ४८,२१३ आणि शेजारी लाल ७ असताना मी सरळ ४,८२,१३७ लिहून मोकळी झाले. दुसऱ्या दिवशी पंप ऑपरेटर काकांनी ४८,२६८ लिहिले आणि संगणकावरच्या तक्त्यात वापर उणे दिसू लागला. तक्ता भरणाऱ्याने मला किंवा काकांना न विचारता माझा आकडा खोडला, आदल्या दिवशीच्या ४८,१५६ मध्ये रोजच्या वापराचे नेहमीचे ५८ मिळवले आणि तेथे ४८,२१४ बसवून टाकले. खऱ्या आकड्याशी फरक अवघ्या एका घनमीटरचा पडला, म्हणून कोणालाच काही खटकले नाही. काकांनी मात्र मला बाजूला घेऊन सांगितले, “मॅडम, लाल आकडा हिशेबात धरू नका. आणि चुकलं तर चुकलं म्हणून लिहा, वर एक रेघ मारा, पण दुसऱ्याला बसवायला देऊ नका.”

या ‘बसवण्या’चे खरे मोल पुढे कळले. आमच्या भागात साप्ताहिक सुट्टी गुरुवारची. त्या सकाळी सहाला रात्रपाळी सुटली की सगळे घरी जात आणि रीडिंग राहून जाई. शुक्रवारी दोन दिवसांचा एकत्रित फरक काढून तो निम्मा-निम्मा लिहिण्याची पद्धत पडली होती. तक्ता त्यामुळे नीटनेटका दिसे. सुट्टीच्या दिवशी किती पाणी जाते हे मात्र कधीच दिसत नसे. मी सुरक्षारक्षकांना मीटर वाचायला शिकवले आणि गुरुवारी व शुक्रवारी सकाळी सहाचे रीडिंग त्यांच्याकडून, मोबाइलवरील छायाचित्रासह, घेऊ लागले. बागेचे व स्वच्छतागृहांचे मिळून फार तर तीन घनमीटर अपेक्षित असताना पहिल्याच गुरुवारी १९ निघाले. भूमिगत टाकी भरली की पाणी बंद करणारा बॉल कॉक अडकलेला होता आणि ओव्हरफ्लोचा पाइप जमिनीखालूनच पावसाळी गटारात सोडलेला असल्यामुळे वाहणारे पाणी कोणाच्या नजरेस पडत नव्हते. दिवसाला १६ घनमीटर म्हणजे मिनिटाला सुमारे ११ लिटर. हा प्रकार किती आठवडे चालला होता हे शोधायला गेलो, तर निम्मे-निम्मे करून भरलेल्या आकड्यांतून काहीच सांगता येईना.

वेळेचेही असेच आहे. आमची संमती ६० सीएमडीची आणि नेहमीचा वापर ५८च्या आसपास. एखाद्या दिवशी सहाऐवजी नऊ वाजता रीडिंग घेतले, तर तो ‘दिवस’ २७ तासांचा होतो आणि वापर ६५ दिसतो, म्हणजे कागदोपत्री मर्यादेचे उल्लंघन होते. म्हणून रीडिंगच्या शेजारी प्रत्यक्ष वेळ लिहावी. उशीर झाला असेल तर तोही तसाच लिहावा.

मुख्य मीटरखेरीज शीतकरण मनोरा, उत्पादन प्रक्रिया आणि उपाहारगृह असे वेगळे मीटर का, हा प्रश्न मी एका ज्येष्ठ सहकाऱ्यांना विचारला होता. १९७७च्या जल उपकर कायद्यात पाणी कशासाठी वापरले यावर उपकराचा दर ठरत असे, आणि मागील महिन्याच्या वापराचे विवरण दर महिन्याच्या पाच तारखेपर्यंत द्यावे लागे. १ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कर आला तेव्हा तो उपकर संपला, पण मीटर राहिले आणि आमच्या विभागात पाच तारखेची सवयही राहिली. ती मी मोडलेली नाही, कारण बिल येण्याआधी आपला आकडा तयार असतो.

या उपमीटरांची बेरीज मुख्य मीटरशी तंतोतंत जुळावी असा अट्टहास मात्र धरू नये. घरगुती मीटरांसाठीच्या आयएस ७७९ या भारतीय मानकातही नेहमीच्या प्रवाहाला दोन टक्क्यांपर्यंत आणि अगदी मंद प्रवाहाला पाच टक्क्यांपर्यंत कमी-जास्त चालते. रोज शून्य तफावत दाखवणारे लॉगबुक पाहिले की मला तरी ते मीटरजवळ नव्हे, खुर्चीत बसून भरल्यासारखे वाटते.

मीटर बदलताना जुन्याचे शेवटचे आणि नव्याचे पहिले रीडिंग, दोन्हींचे छायाचित्र घ्यावे व पाणीपुरवठा यंत्रणेच्या माणसासमोर लिहून दोघांनी सही करावी. नवा मीटर शून्यावर असेलच असे नाही. चाचणीतून आलेला असल्यामुळे त्यावर थोडे रीडिंग असते. मीटर बंद असेल तर त्याच दिवशी लेखी कळवून पोच घ्यावी, नाहीतर सरासरीने आलेल्या बिलावर बोलायला आपल्याकडे आधार राहत नाही.

बोअरवेल असलेल्या कारखान्यांत केंद्रीय भूजल प्राधिकरणाचे ना-हरकत प्रमाणपत्र आणि २४ सप्टेंबर २०२० च्या मार्गदर्शक सूचना लागू होत असतील, तर टेलिमेट्री (रीडिंग आपोआप दूरवर पाठवण्याची सोय) असलेला डिजिटल फ्लोमीटर आणि वर्षातून एकदा त्याचे कॅलिब्रेशन, म्हणजे अचूकतेची तपासणी, आवश्यक असते. टेलिमेट्री आहे म्हणून तबकडी पाहणे सोडू नये. मीटरकडून येणाऱ्या एका स्पंदनामागे (पल्समागे) १०० लिटर की १००० लिटर ही मांडणी चुकली, तर पडद्यावरचा आकडा दहापट किंवा एक दशांश होतो.

वर्षाच्या शेवटी ही सगळी वही ‘फॉर्म पाच’मध्ये उतरते. ३१ मार्चला संपलेल्या वर्षाचे हे पर्यावरण विवरणपत्र ३० सप्टेंबरपर्यंत द्यायचे असते आणि त्यात प्रक्रिया, शीतकरण व घरगुती वापर प्रतिदिन घनमीटरमध्ये वेगवेगळा मागितलेला असतो. एकूण वापराला ३६५ने भागले की कामाच्या दिवसांनी, हे मी सोबतच्या टिपणात स्पष्ट लिहिते. मागच्या पावसाळ्यात मीटरच्या काचेआत बाष्प साचल्यामुळे दोन दिवस आकडा दिसला नव्हता. लॉगबुकमध्ये त्या दोन रकान्यांत ‘काच धूसर, वाचता आले नाही’ एवढेच आहे. अंतर्गत लेखापरीक्षणात त्या नोंदीवर बोट ठेवले गेले, तेव्हा मी छायाचित्रातली पांढरी काच दाखवली आणि परीक्षकांनी पान उलटले.