खात्याचं डेटा धोरण माहिती अधिकारात कसं मागावं

कर्नाटक सरकारच्या 'भूमी' या जमीन नोंदींच्या प्रणालीतला उतारा, 'फ्रूट्स' प्रणालीतली शेतकरी नोंदणी, 'कुटुंब' प्रणालीतली घरची माहिती: निपाणी-खानापूरपासून बेळगावपर्यंत घराघराचा तपशील सरकारी संगणकात आहे. तो कुणाकुणाला दिला जातो, किती वर्षं ठेवला जातो, हे ठरवणारे कागद 2005 च्या माहिती अधिकार कायद्याखाली मागता येतात.

"खात्याचं डेटा धोरण द्या" एवढंच लिहिलं तर "असा दस्तऐवज उपलब्ध नाही" हे उत्तर बहुधा ठरलेलं, कारण या नावाची फाईलच नसते. धोरण विखुरलेलं असतं, म्हणून कागदांची नावं घेऊन मागा: "1 एप्रिल 2022 पासून आजपर्यंत अमुक प्रणालीतील माहिती गोळा करणे, साठवणे व इतर खात्यांना किंवा कंपन्यांना देणे यासंबंधीचे सरकारी आदेश, परिपत्रकं, बैठकांची इतिवृत्तं, करार आणि फाईलवरील टिपणीच्या प्रती." "का केलं?" असं विचारू नका. अधिकाऱ्याला फक्त हाती असलेला कागद द्यायचा असतो, खुलासा नव्हे. सर्व्हरच्या सुरक्षेचा तपशीलही मागू नका. नकाराला आयतं कारण मिळतं.

कर्नाटकच्या नियमांत एका अर्जात एकच विषय आणि 150 शब्दांची मर्यादा आहे. दोन प्रणाली असतील तर दोन अर्ज करा. कायद्याप्रमाणे अर्ज इंग्रजी, हिंदी किंवा त्या भागाच्या राजभाषेत, म्हणजे इथे कन्नडमध्ये हवा. मसुदा मराठीत पक्का करा आणि कन्नड जाणणाऱ्याकडून उतरवून घ्या. उत्तरातले आदेशही बहुतेक कन्नडच असतील.

धोरण बेंगळुरूच्या सचिवालयात ठरतं, त्यामुळे अर्ज तिथल्या माहिती अधिकाऱ्याला पाठवा. डीसी ऑफिसात (जिल्हाधिकारी कार्यालयात) दिला तरी 5 दिवसांत पुढे पाठवणं बंधनकारक आहे, पण वेळ जातो. ऑनलाइन भरणार असाल तर राज्याचंच पोर्टल वापरा; केंद्राच्या पोर्टलवर राज्याचा अर्ज चालत नाही आणि फीही परत मिळत नाही. फी 10 रुपये, दारिद्र्यरेषेखालच्यांना माफ. प्रतीला पानामागे 2 रुपये. पानांच्या पैशांचं पत्र आलं की लगेच भरा, कारण पत्र निघाल्यापासून पैसे भरेपर्यंतचे दिवस 30 दिवसांच्या मुदतीत धरत नाहीत. मुदत उलटून गेली तर माहिती फुकट द्यावी लागते.

कंपनीचं व्यापारी गुपित म्हणून करार नाकारला, तर कलम 10 दाखवून गोपनीय भाग झाकून बाकीचा मागा. मंत्रिमंडळाचे कागदही निर्णय होऊन विषय संपल्यावर उघड करावे लागतात.

उत्तर नाही किंवा अपुरं आहे, तर 30 दिवसांत त्याच खात्यातल्या वरिष्ठाकडे पहिलं अपील करा. निकाल 30, फार तर 45 दिवसांत यायला हवा. त्यापुढे 90 दिवसांत कर्नाटक माहिती आयोगाकडे दुसरं अपील. आयोगाचं पीठ बेळगावातही आहे. विलंबाला दिवसाला 250, कमाल 25,000 रुपये दंड होऊ शकतो. त्याची मागणी अपिलात स्पष्ट लिहा आणि पोचपावतीची प्रत जोडा.