खानदेशच्या गोड्या पाण्यातील शिडाची होडी: सहकुटुंब मुक्काम आणि डागडुजी

लाकडी होडीच्या निगेविषयी मराठीत जे सांगितले जाते ते बहुतेक कोकण किनाऱ्याचे, म्हणजे खाऱ्या पाण्याचे असते. हतनूरचा जलाशय, उकाईचे नवापूरकडे पसरलेले फुगवट्याचे पाणी किंवा धडगाव-अक्कलकुव्याकडील नर्मदा येथे ते जसेच्या तसे लागू पडत नाही. लाकूड पोखरणारा समुद्री किडा गोड्या पाण्यात नसतो, ही मोठी सोय आहे. परंतु लाकूड कुजविणाऱ्या बुरशीला खारे पाणी जसे आवरते तसे गोडे पाणी आवरत नाही, आणि जळगाव-भुसावळकडचा ४४-४५ अंशांचा उन्हाळा काठावर ओढलेल्या होडीच्या फळ्यांतील ओल पार शोषून घेतो. म्हणून आपल्याकडे होडी राखायची ती आधी उन्हापासून आणि पावसाच्या पाण्यापासून.

फळ्यांचे सांधे भरण्याचे काम महाशिवरात्र ते होळी या दरम्यान उरकावे. वैशाखात पाणी खाली जाते, होडी सहज काठावर घेता येते, आणि तेव्हाच काम काढण्याचा मोह होतो, तो टाळावा. पूर्ण सुकलेल्या फळ्यांत कापूस ठासला, तर होडी पाण्यात गेल्यावर फळ्या फुगतात, कापसाला दबायला जागा उरत नाही, आणि सारा ताण खिळ्यांवर व आतल्या बरगड्यांवर येतो. आधी जुना कापूस आणि लांबी (फट बुजवणारी पुटी) खरवडून काढावी, फट कोरड्या ब्रशने साफ करून तिला प्रायमर लावावा, मग सरकी काढलेल्या लांब धाग्याच्या कापसाचा सैल पीळ करून तो बोथट पटाशी व लाकडी हातोडीने हळूहळू आत बसवावा. ठोक्याचा आवाज बद्द येतो तोवर कापूस सैल आहे. आवाज टणक झाला की थांबावे. कापूस आतल्या बाजूने डोकावू लागला, तर ठोका जास्त झाला असे समजून तो भाग उकरून पुन्हा भरावा. कापसावर परत प्रायमरचा हात देऊन वर जवसाच्या तेलात मळलेली लांबी भरावी. तेल लागलेल्या चिंध्या मात्र गोळा करून कोपऱ्यात टाकू नयेत. जवसाचे तेल वाळताना तापते आणि त्या ढिगाला आपोआप आग लागू शकते. चिंध्या एकेक पसरून वाळवाव्यात किंवा पाण्याच्या डब्यात बुडवून ठेवाव्यात.

उन्हाळ्यात होडी काठावर ठेवावीच लागली, तर तिच्यावर ताडपत्रीची सावली करून आत-बाहेर ओली गोणपाटे घालावीत. पुन्हा पाण्यात सोडताना एक-दोन दिवस ती उथळ पाण्यात नुसती उभी ठेवावी. या काळात पाणी झिरपतेच. फळ्या फुगल्या की बहुतेक गळती थांबते, आणि तोपर्यंत सामान चढवू नये.

पावसाळ्याआधी व नंतर दाभणाने लाकूड तपासावे. डोलकाठीचा पाया, चुलीखालची फळी आणि जिथे वारा खेळत नाही असे कोपरे येथे दाभण लोण्यात शिरावे तसे शिरले, तर तो तुकडा कापून बदलावाच. वरून रंग फासल्याने आतली कूज थांबत नाही. पाण्याखालील लोखंडी भागांना झीज आपल्यावर घेणारा धातूचा तुकडा, म्हणजे अ‍ॅनोड, लावायचा असेल, तर तो मॅग्नेशियमचा घ्यावा. जस्ताचा अ‍ॅनोड गोड्या पाण्यात नीट काम करत नाही.

शिडाचे कापड टिकते, पण उन्हाने त्याची शिवण आधी जाते. शिवणीवर नखाने खरवडून पाहावे. दोरा तुटला तर ती ओळ पुन्हा शिवून घ्यावी, आणि शीड उतरवल्यावर खोळ घालावी. डोलकाठीच्या तारांवरून कापसाचा बोळा फिरवावा. बोळा जिथे अडकतो तिथे तारेची एखादी लड तुटलेली असते, आणि अशी तार वळवाच्या वाऱ्याची वाट न पाहता बदलावी.

सुधारणांवर पैसा खर्च करताना माझ्या मते पहिला मान पाणी उपसणाऱ्या पंपाला द्यावा, आणि तो बंद पडेल तेव्हासाठी हातपंप व बादली ठेवावी. त्यानंतर सौर पॅनेल. साधी शिसे-आम्लाची बॅटरी निम्म्याच्या खाली उतरू देऊ नये, नाहीतर तिचे आयुष्य झपाट्याने घटते. इंजिन बसवायचे असेल, तर शेतीपंपाच्या डिझेल इंजिनाच्या जातीचे निवडावे, म्हणजे गावातला मिस्त्रीही ते उघडू शकेल.

स्वयंपाकाच्या गॅसबाबत तडजोड नको. हा वायू हवेपेक्षा जड असतो. गळला तर तळाशी साचतो आणि पंपाच्या एका ठिणगीने स्फोट होऊ शकतो. सिलिंडर वरच्या बाजूस, उघड्या हवेत आणि बाहेर निचरा असलेल्या पेटीत ठेवावा, व चूल विझवल्यावर रेग्युलेटर रोज बंद करावा. काठावरची गावे हेच पाणी पितात, म्हणून शौचाचे भांडे बंद झाकणाचे असावे आणि जमिनीवर नेऊनच रिकामे करावे. मुलांच्या अंगावर लाइफ जॅकेट मापाचेच हवे: खांद्याला धरून वर उचलल्यावर ते हनुवटीपर्यंत सरकत असेल, तर ते मोठे आहे, आणि लहान मुलासाठी दोन मांड्यांमधून जाणारा पट्टा असलेलेच घ्यावे.