सेलिब्रिटी सगळ्यात शेवटी निवडा: रेसलिंग कंपनी चालवायला घेतलेल्या नव्या बुकरसाठी

टोटल एक्स्ट्रीम रेसलिंग या कॉम्प्युटर गेममध्ये रेसलिंग कंपनी हातात घेतली, पहिले काही शो पार पडले, की बहुतेक नवे बुकर (कोण कुणाशी लढणार, कोण जिंकणार हे ठरवणारे) एकच गोष्ट करतात. कुठल्याही कंपनीत नसलेल्या मोकळ्या लोकांची यादी उघडतात, ती लोकप्रियतेनुसार लावतात आणि वरच्या नावांवर अडकतात. खऱ्या जगावर बेतलेला, चाहत्यांनी बनवलेला डेटाबेस असेल तर तिथे नट, गायक, बॉक्सर, बास्केटबॉलपटूही सापडतात. आपल्या अख्ख्या रोस्टरमध्ये, म्हणजे कंपनीतल्या रेसलरांमध्ये, कुणाची नसेल एवढी त्यांची लोकप्रियता असते, आणि एका शोचे पैसे ओढूनताणून का होईना, परवडतात. ऑफर पाठवायला हात शिवशिवतो.

ती ऑफर आत्ता पाठवू नका.

माझी एक छान चाललेली छोटी कंपनी नेमकी इथेच बसली. सगळे आकडे हिरवे दिसत असताना ती आतून का पोखरली जातेय, हे मला कितीतरी दिवस उमगत नव्हतं. शो कसा बुक करायचा, अँगल (मॅचशिवायचा, कथानक पुढे नेणारा प्रसंग) म्हणजे काय, करार कसे होतात हे तुम्हाला येतं असं मी धरून चालतो. हा सापळा मात्र सावकाश उलगडून सांगतो, कारण गेममध्ये तो कुठेही लाल अक्षरांत लिहिलेला नाही.

समजा, तुमच्या भागात कंपनीची लोकप्रियता ४० आहे आणि शो साधारण ४४ च्या आसपास रेट होतात. रेटिंग कंपनीच्या आकड्यापेक्षा वर आहे, म्हणून प्रत्येक शोबरोबर कंपनी किंचित वर सरकते. तब्येत उत्तम आहे. आता तुम्ही एक बडा नट आणता आणि सलग तीन शोंमध्ये शेवटच्या मोठ्या अँगलला त्यालाच उभा करता. त्याच्या नावावर तो अँगल उंच जातो, शेवटच्या भागाचं वजन जास्त असल्यामुळे शोही ५६-५८ वर जातात, आणि कंपनी ४० वरून ४६ वर पोचते. मग नटाचा करार संपतो, तो निघून जातो. तुमचा पुढचा शो पुन्हा ४४. तेच रेसलर, तीच मेहनत, तोच शो. पण कंपनी आता ४६ वर आहे. म्हणजे कालपर्यंत तुम्हाला वर नेणारा शो आजपासून तुम्हाला खाली ओढतोय.

हे नीट समजलं नसेल तर पुढचं वाचू नका, आधी वरचा परिच्छेद पुन्हा वाचा. कंपनी वर जाणं आणि रोस्टर वर जाणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पाहुणा पहिली करून देतो. दुसरी तुम्हालाच करावी लागते.

उतरताना नुसता लोकप्रियतेचा आकडाच उतरतो असंही नाही. कंपनी ४६ वर असताना ज्यांचे करार नव्यानं झाले, त्यांनी ४६ च्या कंपनीला शोभतील एवढे पैसे मागितलेले असतात. कंपनी खाली आली तरी ते करार खाली येत नाहीत. शिवाय त्या तीन शोंमध्ये माईक कुणाच्या हातात होता? नटाच्या. मिडकार्डमधला (मधल्या फळीतला) जो पोरगा तेव्हा वर यायला हवा होता तो त्या काळात दुसऱ्या मॅचला सहा मिनिटं लढून घरी जात होता, आणि त्याचा मोमेंटम थंड पडत होता. मग पडझड थांबवायला आपण काय करतो? दुसरा सेलिब्रिटी आणतो. इथून पुढे कंपनी पाहुण्यांवर जगायला लागते.

यात अडकला असाल तर सेव्ह फाइल पुसून टाकायची गरज नाही. ४६ वरून ४० वर येणं म्हणजे बुडणं नव्हे. ती ४० ची कंपनी तुम्ही आधी चालवून दाखवली आहे, पुन्हा चालवाल. फक्त महाग करार संपेपर्यंत दम धरा, आणि घाबरून चॅम्पियनशिपचा बेल्ट इकडून तिकडे फिरवू नका.

आता निवडीकडे येऊ. माझं ठाम मत असं की सेलिब्रिटी सगळ्यात शेवटी निवडायचा. आधी आपल्या रोस्टरमधला तो माणूस ठरवायचा, ज्याला तीन महिन्यांनी मेन इव्हेंटला, म्हणजे शोच्या मुख्य मॅचला, बघायचंय. मग त्याला काय कमी पडतंय ते बघायचं. बोलता येतं पण कुणी ओळखत नाही? अंगानं राक्षस आहे पण प्रेक्षक त्याला गंभीरपणे घेत नाहीत? ती उणीव भरून काढेल असा पाहुणा त्यानंतर शोधायचा. आपल्याकडे जत्रेतल्या कुस्त्यांच्या फलकावर पाहुण्यांचे फोटो मोठे असतात, पण मैदान भरतं ते शेवटच्या जोडीवर. जोडी आधी ठरते, पाहुणे नंतर.

खऱ्या इतिहासात याचं सगळ्यात स्वच्छ उदाहरण १९९८ चं आहे. डब्ल्यूडब्ल्यूएफ (आजची डब्ल्यूडब्ल्यूई) ही रेसलिंग कंपनी तेव्हा टीव्ही रेटिंगमध्ये प्रतिस्पर्धी डब्ल्यूसीडब्ल्यूच्या नायट्रो या कार्यक्रमाकडून आठवड्यामागून आठवडा हरत होती, १९९६ च्या जूनपासून. होलीफिल्डचा कान चावल्यामुळे माइक टायसनचा बॉक्सिंगचा परवाना गेलेला होता आणि जगभरच्या वर्तमानपत्रांत त्याचं नाव होतं. त्याला १९ जानेवारी १९९८ ला रॉ या आपल्या साप्ताहिक कार्यक्रमात रिंगमध्ये आणलं, आणि तिथेच त्याच्यासमोर उभा राहिला कंपनीचा उगवता रेसलर स्टीव्ह ऑस्टिन. ढकलाढकली झाली, बातम्यांमध्ये दोघेही एकाच चौकटीत झळकले. पुढे टायसन तेव्हाचा चॅम्पियन शॉन मायकल्सच्या टोळीत गेला, आणि २९ मार्चला बोस्टनच्या रेसलमेनिया १४ मध्ये त्यानंच रिंगमध्ये येऊन ऑस्टिनच्या विजयाचे तीन आकडे मोजले, वर मायकल्सला ठोसा मारून आडवा केला. त्या रात्री टायसननं एकही मॅच लढली नाही. तो गेला तेव्हा बेल्ट ऑस्टिनकडे होता, आणि टायसन बघायला आलेले लोक ऑस्टिन बघायला थांबले. १३ एप्रिलला रॉनं नायट्रोला मागे टाकलं. पाहुणा तेव्हा शोमध्ये नव्हताही.

याच्या उलट उदाहरण दोनच वर्षांनंतरचं, डब्ल्यूसीडब्ल्यूचं. डेव्हिड आर्केट हा नट कंपनीच्याच सहभागानं बनलेल्या रेसलिंगवरच्या सिनेमात होता. त्याच्या प्रसिद्धीच्या ओघात २६ एप्रिल २००० ला दाखवलेल्या थंडर या कार्यक्रमाच्या भागात तो वर्ल्ड चॅम्पियन झाला. एका टॅग मॅचमध्ये (जोड्यांच्या लढतीत) त्यानं कंपनीचा अधिकारी एरिक बिशफला पिन केलं, म्हणजे खांदे टेकवून हरवलं, आणि बेल्ट त्याच्याकडे गेला. आर्केट स्वतः रेसलिंगचा जुना चाहता होता आणि त्यालाही हे पटलेलं नव्हतं. मिळालेले पैसे त्यानं ओवेन हार्ट आणि ब्रायन पिलमन या दिवंगत रेसलरांच्या कुटुंबांना आणि रिंगमधल्या अपघातात अपंग झालेल्या ड्रोझ या रेसलरला दिले. माणूस चांगला होता, जागा चुकीची होती. ७ मेला स्लॅमबोरी या मोठ्या शोमध्ये बेल्ट जेफ जॅरेट या रेसलरकडे गेला. त्या सगळ्या प्रकारातून वर कोण आलं, असं विचारलं तर कुणाचंच नाव घेता येत नाही. गेममध्येही लोकप्रिय नटाच्या कमरेला बेल्ट बांधायचा मोह होतो. पण त्याची रिंगमधली कौशल्यं तळाला असतात, मॅचचं रेटिंग पडतं, आणि बेल्टची प्रतिष्ठा त्याबरोबर घसरते. करू नका. कितीही लोकप्रिय असू दे, करू नका.

छोट्या कंपनीसाठी मला टायसनपेक्षाही मेम्फिसचं उदाहरण जास्त उपयोगी वाटतं. अँडी कॉफमन हा टीव्हीवरचा नावाजलेला विनोदी नट. त्याला बायकांशी कुस्ती खेळून प्रेक्षकांना चिडवायचा नाद होता. आधी तो डब्ल्यूडब्ल्यूएफच्या थोरल्या व्हिन्स मॅकमॅनकडे गेला, तिथे नकार मिळाला. मग तो ‘किंग’ म्हणवणाऱ्या मेम्फिसच्या रेसलर जेरी लॉलरपर्यंत पोचला. ५ एप्रिल १९८२ ला मिड-साउथ कोलिझियममध्ये लॉलरनं त्याला पाइलड्रायव्हर मारला. तो डाव तिथे बाद होता, त्यामुळे कागदावर लॉलर हरला. पण कागद कोण बघतो? शहराच्या अंगावर थुंकणाऱ्या बाहेरच्या माणसाला आपल्या राजानं गळ्यात पट्टा घालून पाठवलं, एवढंच मेम्फिसला दिसलं. त्या जुलैमध्ये दोघं राष्ट्रीय टीव्हीवर डेव्हिड लेटरमनच्या कार्यक्रमात एकत्र आले, तिथे लॉलरनं कॉफमनच्या थोबाडीत मारली, आणि एका प्रादेशिक कंपनीचा माणूस देशभर माहीत झाला.

यातून दोन गोष्टी उचला. सेलिब्रिटी हील (खलनायक) म्हणून जास्त उपयोगी पडतो, कारण त्याला हरवून तुमचा माणूस मोठा होतो. फेस (नायक) सेलिब्रिटीला हरवता येत नाही, मग सगळी चमक तोच घेऊन जातो. आणि मोठ्या कंपनीनं नाकारलेला पाहुणा हा छोट्या कंपनीचा खरा बाजार आहे. यादीत सगळ्यात वरचं नाव शोधू नका. जो चिडवू शकतो, ज्याचं माईकवरचं काम चांगलं आहे, ज्याची किंमत कुणाच्या लक्षात आलेली नाही, तो शोधा.

लोकप्रियता भागानुसार बघा, हे तुम्हाला माहीत आहेच, तरी घाईत विसरतं. तुमचा शो जिथे होतो त्या भागात तो माणूस किती माहीत आहे? गायक बॅड बनीनं ६ मे २०२३ ला डब्ल्यूडब्ल्यूईच्या डेमियन प्रीस्टशी जी मॅच लढली ती पोर्तो रिकोतल्या सान हुआनला होती, त्याच्या स्वतःच्या बेटावर. तिथला आरडाओरडा इतर कुठे मिळाला नसता. आपल्याकडचं उदाहरण म्हणजे रिंग का किंग. टीएनए या अमेरिकी रेसलिंग कंपनीनं पुण्यात बालेवाडीला चित्रित केलेला हा कार्यक्रम २०१२ मध्ये कलर्सवर लागला, आणि त्याचा चेहरा होता हरभजन सिंग. भारतीय प्रेक्षकाला दारापर्यंत आणायला क्रिकेटपटू हवा, हा विचार अगदी बरोबर होता. मला त्याहून आवडलं ते हे की हरभजन बाहेरच राहिला आणि बेल्ट शेवटी महाबली वीरा या भारतीय रेसलरकडे गेला.

तुमच्या कंपनीचं प्रॉडक्ट (ती कुठल्या शैलीची रेसलिंग दाखवते) काय आहे त्यावरही बरंच ठरतं. लोकप्रियतेला वजन असेल तर पाहुणा उचलून धरतो. निव्वळ रिंगमधल्या कामगिरीवर चालणारी कंपनी असेल तर त्याला मॅचमध्ये घालूच नका, बाहेर उभा करा.

आणि मॅचमध्ये घालायचाच असेल तर टॅग टीम. ३ मार्च २०२१ ला एईडब्ल्यू या अमेरिकी कंपनीनं बास्केटबॉलपटू शकील ‘शॅक’ ओ’नीलला कोडी ऱ्होड्स आणि रेड व्हेल्वेटविरुद्ध उतरवलं, तेव्हा त्याची जोडीदार होती जेड कारगिल. तिची ती पहिलीच मॅच. शॅक टेबलांवर आदळला, विजय जेडनं मिळवला. शॅकसाठी टीव्ही लावलेल्या माणसांनी जेडला जिंकताना पाहिलं, आणि पुढच्या जानेवारीत ती एईडब्ल्यूची पहिली टीबीएस चॅम्पियन झाली. टॅग टीममध्ये पाहुण्याचं कच्चं काम झाकलं जातं आणि पिन तुमच्या माणसाला देता येतो.

अँगलमध्ये पाहुण्याला त्याच्या लोकप्रियतेवर रेट करा, पण तुमच्या माणसाला त्याच्या जमेच्या बाजूवर. बोलतो तर माईकवर, भीतिदायक असेल तर मेनेसवर. दोघांना लोकप्रियतेवर रेट केलं तर तुमचा माणूस अँगलचं रेटिंगही खाली आणतो आणि त्याच्या हाती फारसं काही लागत नाही.

आता जरा मनातलं. ऑफर नाकारली की जुनी सेव्ह उघडून पुन्हा पाठवायची, हा शॉर्टकट मला अजिबात पटत नाही. नकार मिळाला की तुम्ही दुसरा रस्ता शोधता, आणि बहुतेक वेळा तोच स्वस्त आणि चांगला निघतो. एडिटरमध्ये जाऊन फी कमी करणं तर त्याहून वाईट, कारण मग तुम्हाला पाहुण्याची खरी किंमत कधीच कळत नाही. शिकवणाऱ्यांबद्दलही सांगतो. ज्याच्याकडे पहिल्या दिवसापासून बक्कळ पैशाची कंपनी आहे, त्याचा सल्ला छोट्या कंपनीसाठी घेऊ नका. मला ‘मोठं नाव आण, बाकी आपोआप होतं’ असं सांगणारा माणूस मनानं चांगला होता, पण त्यानं पगाराला पैसे नाहीत असा महिना कधी पाहिलेला नव्हता. जो तोट्यातली कंपनी वर्षभर तगवून दाखवतो, त्याच्यापाशी बसा. तो फार बोलत नाही, पण त्याचा हिशोब बघा.

ड्रेसिंग रूमकडे लक्ष ठेवा. पाहुण्याचा स्वभाव वाईट असेल तर तो दोन शोंमध्ये तुमच्या लोकांचं मनोबल बिघडवून जातो, आणि ते सावरायला पाहुणा थांबत नाही.

करार मोजक्या शोंचा करा, मुदतवाढीचं गाजर दाखवलं तरी. आणि ऑफर पाठवायच्या आधी एक शो बुक करून ठेवा: पाहुणा गेल्यानंतरचा पहिला शो, मेन इव्हेंटसकट. त्या मेन इव्हेंटमध्ये कोण आहे हे लिहिता येत नसेल, तर पाहुण्याला अजून बोलवायची वेळ झालेली नाही.