ओळखीच्या रस्त्यावरची मिरवणूक टिपताना

आपल्याच शहरातली मिरवणूक टिपायची असेल तर आदल्या संध्याकाळी, त्याच वेळी, त्या रस्त्यावरून एकदा चालून या. रोजच्या वाटेवर नजर दुकानांच्या पाट्यांपलीकडे जात नाही. मान वर केली की जुने सज्जे, कमानी दिसतात आणि फोटोची पार्श्वभूमी तिथेच ठरते. सूर्य मावळल्यानंतरची साधारण २०-३० मिनिटं दवडू नका. आकाशात निळाई असते आणि दिवेही लागलेले असतात. चालणाऱ्यांसाठी शटर (कॅमेऱ्याचा पडदा उघडा राहण्याचा वेळ) १/१२५ सेकंद, नाचणाऱ्यांसाठी १/२५० किंवा त्याहून जलद. आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेड टिपण्याची संवेदनशीलता, ३२०० पर्यंत खुशाल वाढवा. त्याने फोटोत येणारे थोडे दाणे (बारीक ठिपके) चालतात, हललेला चेहरा नाही. रोषणाई पांढरीफटक येते, कारण काळोख जास्त दिसला की कॅमेरा उजेड वाढवतो; एक्स्पोजर (फोटोतला उजेड कमी-जास्त करण्याची सेटिंग) −१ वर आणा. मोबाइलवर दिव्यावर बोट टेकवून उजेडाची पट्टी खाली ओढा.